लिंकन कॅथेड्रल, ३१२ तुकडे आणि एक चुकीचं बदक

आधी बदकाचं सांगतो, मग बाकीचं.

लिंकन कॅथेड्रलची प्रतिकृती जोडायच्या या खोक्यात चार पानी माहितीपत्रक येतं. तिसऱ्या पानावर झगा घातलेल्या माणसाचं बोटाएवढं चित्र, पायाशी आखूड मानेचं एक बदक आणि खाली ओळ : ‘हे चर्च बांधणारे बिशप ह्यू. यांना पक्षी आवडत.’ झालं. पुढच्या पानावर लगेच तुकडा क्रमांक १ ते ४०. इमारत जोडायला मला सव्वीस दिवस लागले आणि ती ज्याने उभी करायला घेतली त्याच्या वाट्याला आठ शब्द. आणि तो हंस होता हो. बदक नाही.

वस्तू अशी आहे : फोमच्या पातळ पाट्यांवर छापून, कापून ठेवलेले तुकडे. दाबून काढायचे आणि खाचेत खाच बसवायची. कात्री नको, डिंक नको, असं खोक्यावर म्हटलंय. इंग्लंडमधल्या लिंकन शहराचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, त्यातून तयार होतं, हातभर लांब आणि वीतभर उंच. किंमत २,१५० रुपये. ती मुलाने मला सांगितली नव्हती, सुनेच्या तोंडून निघाली.

मी चाळीसगावचा निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं इतिहास शिकवला. वडील गवंडी होते. नोकरी लागेपर्यंत प्रत्येक सुट्टीत त्यांच्या हाताखाली बिगारी केली, त्यामुळे भिंत तिरकी दिसली की मला अजून घास गोड लागत नाही. नातू मे महिन्यात येणार, मोबाइलपासून लांब राहावा, म्हणून मुलाने हे मागवलं. नातू चार दिवसांत कंटाळला. मी अडकलो. टेबलावर इवलीशी दृश्यं मांडून त्यांचे फोटो काढणारे केकी मूस आमच्याच गावचे, तेव्हा टेबलावर असला खेळ मांडून बसण्याला इथे कोणी वेडेपणा म्हणत नाही. घरचे म्हणतात.

मे महिन्यात हे काम करणं हा शुद्ध मूर्खपणा होता. कूलर लावला की तुकडे उडतात, बंद केला की माणूस शिजतो. शेवटी पहाटे पाच ते साडेसात अशी वेळ ठरवली. त्यातही बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस, घरातली मोठी सपाट जागा बायकांच्या ताब्यात. कॅथेड्रलचा पाया मी खाटेखाली सरकवून ठेवायचो. एकदा दळण घेऊन आलेला शेजारचा पोरगा वाकून बघत म्हणाला, “नाना, हाई काय शे? मंदिर शे का मशीद?” मी म्हटलं, चर्च शे, आठशे वर्षांपूर्वीचं. तो म्हणाला, “मंग तुटेल कसं काय नही?”

तुटलं होतं. तिथूनच तर गोष्ट सुरू होते. ११८५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि आधीचं कॅथेड्रल फुटलं. पुढच्याच वर्षी ह्यू तिथला बिशप झाला. एवढं वाचल्यावर मी पत्रक बाजूला ठेवलं आणि मुलाकडून त्याचं चरित्र टॅबवर उतरवून घेतलं. ह्यूबरोबर सावलीसारखा राहिलेला अॅडम नावाचा मठवासी होता, त्याने ते लिहून ठेवलंय. पहाटे तुकडे आणि दुपारी चरित्र, असा महिना गेला. तेव्हा पुढे लिहितोय ते वस्तूचं परीक्षण आहे की माणसाचं, हे माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस इंग्रज नव्हताच. ११४० च्या आसपास फ्रान्सच्या डोंगराळ भागात, ग्रनोबलजवळ आव्हालाँ नावाच्या ठिकाणी एका सरदाराच्या घरी जन्मला. आई लहानपणीच गेली. बापाने पोराला घेऊन मठ गाठला. पुढे ह्यू कार्थुसियन पंथाच्या मूळ मठात गेला. मौन, एकांत, अंगाला टोचणारं केसाळ कापड असा कडक कारभार. तिथून त्याला इंग्लंडला नेलं दुसऱ्या हेन्री राजाने. या हेन्रीच्याच माणसांनी ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटला कॅथेड्रलमध्ये कापलं होतं आणि प्रायश्चित्त म्हणून राजाने सॉमरसेटमध्ये विटम इथे मठ काढला होता. मठ म्हणजे काय, काही लाकडी खोपटी आणि हवालदिल साधू. त्यांना सांभाळायला ह्यूला बोलावलं.

आता इथे मी तुकडे जोडायचं थांबवलं होतं. मठासाठी दिलेल्या जमिनीवर आधीच गाव होतं आणि गावकऱ्यांना उठवायचं होतं. ह्यू राजाला म्हणाला, यांच्या घरांची शेवटच्या पेनीपर्यंत भरपाई झाल्याशिवाय मी इथलं काही घेणार नाही. राजाने पैसे दिले. मग ह्यूने ती घरं स्वतःसाठी मागून घेतली, आणि मिळाल्यावर त्यांचं सामान ज्याचं त्याला परत देऊन टाकलं. म्हणजे मोबदलाही त्यांचा आणि वासेही त्यांचे. माझ्या वर्गात धरणात गाव गेलेल्या घरांची मुलं असायची. मोबदला या शब्दाचा अर्थ मला पुस्तकात शोधावा लागत नाही. बाराव्या शतकातला हा हिशेब मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, आमच्या हिला ऐकू जाईल असा.

त्याच राजाने मठाला एक सुंदर बायबल भेट दिलं. ते विंचेस्टरच्या साधूंनी स्वतःसाठी लिहून घेतलेलं होतं, राजाने तिथून उचललं होतं. ह्यूला कळलं, त्याने गुपचूप परत केलं. राजाला सांगितलंसुद्धा नाही.

११८६ मध्ये लिंकनच्या मंडळींनी राजाच्या दबावाखाली त्याला बिशप निवडलं. ह्यूने नाही म्हटलं. तुमच्या सभागृहात बसून, कोणाच्या धाकाशिवाय निवडा, मग बघू. त्यांनी परत निवडला, तोच. बिनविरोध निवडणुका कशा होतात हे ज्याने आपल्याकडच्या सोसायटीत पाहिलंय त्याला यातली गंमत कळेल. लिंकनचा प्रांत इंग्लंडमधला सर्वांत मोठा, उत्तरेला हंबरपासून दक्षिणेला थेम्सपर्यंत. त्यात तो घोड्यावरून फिरायचा. लहान मुलांना आशीर्वाद द्यायचा विधी इतर बिशप घोड्यावर बसूनच उरकत, हा दर वेळी खाली उतरायचा. वाटेत कोणाचं प्रेत दिसलं की थांबून अंत्यविधी करायचा, भले जेवायला बोलावलेला राजा ताटावर वाट बघत का बसेना.

बरं, तुकड्यांकडे येतो. पाट्या एकूण नऊ. छपाई चांगली आहे, दगडांचे सांधे दिसतात, पश्चिमेकडच्या भिंतीवरच्या कोनाड्यांच्या ओळी तर मोजता येतील इतक्या स्वच्छ. मधल्या मनोऱ्यावर शिखर दिलेलं नाही आणि ते बरोबरच आहे, कारण खरं शिखर १५४८ मध्ये पडलं ते पुन्हा चढलंच नाही. कंपनीने इथे अभ्यास केलेला दिसतो. खाचा मात्र घट्ट. तीनचार तुकड्यांच्या जिभा चेपल्या, मग खोक्यावरचं वचन मोडून फेविकॉल घ्यावा लागला. मधला मनोरा बसवला त्या रात्री मांजराने टेबलावरून उडी मारली आणि तो आत कोसळला. मी हळहळलो नाही. खरा मनोराही १२३७ मध्ये असाच कोसळला होता, म्हटलं आपली प्रतिकृती फारच प्रामाणिक.

माझी खरी तक्रार छताची आहे. पूर्वेकडचा जो भाग ह्यूच्या नावाने ओळखला जातो, त्याचं दगडी छत जगात प्रसिद्ध आहे ते वाकडेपणासाठी. कमानीच्या फासळ्या छताच्या मधल्या एका बिंदूत मिळायला हव्यात. इथे त्या मध्य सोडून, एक इकडे एक तिकडे अशा मिळतात. बघणाऱ्याला वाटतं मिस्त्री पिऊन आला होता. पण एकामागून एक सगळे खण त्याच हिशेबाने वाकडे केलेत, म्हणजे चूक नाही, मर्जी आहे. खोक्याच्या बाजूला आतला फोटो छापलाय, त्यात हे स्पष्ट दिसतं. आणि आतला तुकडा? क्रमांक १८८ ते १९५, सगळ्या फासळ्या सरळ, मध्यात मिळालेल्या, एखाद्या मंगल कार्यालयाच्या पीओपीसारख्या. ज्यासाठी माणसं मान वर करून बघतात तेच यांनी नीटनेटकं करून टाकलं. माझे वडील ओळंब्याचे कट्टर भक्त, तरी त्यांना मी हा फोटो दाखवला असता तर ते गप्प उभे राहिले असते, एवढं मला माहीत आहे. पाटणादेवीच्या चंडिका मंदिरापाशी ते असेच उभे राहायचे, हाताने दगडाचा सांधा चाचपत.

पाटण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ह्यूने बांधकाम सुरू केलं ११९२ मध्ये, तो गेला १२०० मध्ये. आणि आमच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख १२०७ चा. वर्गात मी या दोन गोष्टी कधी एकत्र सांगितल्या नाहीत. अभ्यासक्रमात एक होती आठवीला आणि दुसरी कुठेच नव्हती. फोमचे तुकडे जोडताना पहिल्यांदा डोक्यात आलं की सातासमुद्रापार तो बिशप डोक्यावर चुना वाहत होता, त्याच सुमाराला आपल्या डोंगरातही दगडावर छिन्नी चालू होती.

हो, वाहत होता. बिशप, खांद्यावर पाटी घेऊन, दगड आणि चुना. बांधकामावर बिगाऱ्यांच्या रांगेत. तो गेल्यावर काही वर्षांनी लिहिलेल्या एका कवितेत असंही आहे की एका लंगड्याने हट्टाने ती पाटी मागून घेतली, वाहिली आणि बरा झाला. ते सोडा. मला चमत्कारापेक्षा पाटीचं वजन कळतं. चुन्याचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं की चुंबळीतूनही टाळू पोळते, आणि घामाबरोबर चुना डोळ्यात उतरतो. साहेब लोक पायाभरणीला येतात, चांदीच्या थापीने एक थापटी मारतात, फोटो झाला की हात धुतात. हा पन्नाशी ओलांडलेला माणूस पाटी परत परत भरून नेत होता. पत्रकात आठच शब्द छापायचे होते तर ‘हे स्वतः चुना वाहत’ एवढे तरी छापायचे होते, निम्म्यात भागलं असतं.

राजांशी त्याचं कसं वागणं होतं ते वाचून मी एकटाच हसत बसायचो. राजाच्या जंगलांचे अधिकारी लोकांना छळायचे, ह्यूने त्यांच्या मुख्यालाच धर्मबहिष्कृत केलं. वर राजाच्या माणसाला चर्चमधलं पद द्यायला नकार. हेन्रीने त्याला वुडस्टॉकला बोलावलं आणि दरबाऱ्यांना ताकीद दिली : कोणी उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. ह्यू आला, राजाशेजारच्या सरदाराला खांद्याला धरून बाजूला सरकवलं आणि तिथे बसला. राजा मुकाट. थोड्या वेळाने राजाने सुईदोरा मागवला आणि बोटावरची पट्टी शिवत बसला. ह्यू बघत राहिला आणि म्हणाला, “आत्ता तुम्ही अगदी तुमच्या फालेझच्या नातलगांसारखे दिसता.” दरबार गार. अर्थ असा : राजाचा पणजोबा विजेता विल्यम, त्याची आई फालेझ गावची, कातडं कमावणाऱ्याची लेक असं सगळे म्हणायचे. राजघराण्याचा सगळा तोरा एका सुईत ओवला. राजा आधी चकित झाला आणि मग हसून हसून जमिनीवर लोळला. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना त्यानेच समजावून सांगितलं.

हेन्रीचा मुलगा रिचर्ड, तो सिंहहृदयी. ११९७ मध्ये त्याने फ्रान्समधल्या लढाईसाठी वर्षभर तीनशे घोडेस्वार मागितले. ऑक्सफर्डच्या सभेत ह्यू म्हणाला, माझ्या चर्चचं देणं इंग्लंडच्या हद्दीत लढण्याचं आहे, समुद्रापलीकडचं नाही. सॉल्झबरीच्या बिशपनेही री ओढली. चिडलेल्या रिचर्डने मालमत्ता जप्त करायचा हुकूम काढला, पण ह्यूच्या शापाच्या भीतीने त्याच्या दारात जायला कोणी अधिकारी धजेना. शेवटी म्हातारा स्वतःच नॉर्मंडीला गेला. राजा प्रार्थनेत होता, त्याने तोंड फिरवलं. ह्यूने त्याचा झगा धरून गदागदा हलवला, “मला चुंबन द्या, महाराज.” त्या काळी ते सलोख्याचं चिन्ह. रिचर्डला हसू फुटलं. नंतर म्हणे तो म्हणाला, बाकीचे बिशप असे असते तर कुठल्याच राजाला त्यांच्यापुढे मान वर करता आली नसती.

तिसरा राजा जॉन. त्याला चर्चमध्ये दान द्यायची सोन्याची नाणी हातातून सुटेनात, तळहातावर खेळवत बसला. ह्यूने सांगितलं, टाक तिथे आणि चालता हो. ईस्टरला ह्यूचं प्रवचन चालू असताना याला भूक लागली, आवरा म्हणून तीनदा निरोप पाठवला. ह्यूने प्रवचन लांबवलं. आमच्याकडे प्रार्थनेच्या वेळी चुळबुळ करणाऱ्यांसाठी मी हाच उपाय वापरायचो.

त्याचं सगळंच पटलं असं मात्र नाही. गॉडस्टोच्या मठात हेन्रीच्या प्रेयसीची, रोझमंडची कबर वेदीसमोर होती, दिवे, रेशमी कापड वगैरे. ११९१ मध्ये ह्यूने ती बाहेर काढायला लावली. जो माणूस कुष्ठरोग्यांना स्वतःच्या हाताने धुवायचा, त्यांना मिठी मारून मुके घ्यायचा, ११९० च्या दंगलीत ज्यूंच्या बाजूने हत्यारबंद जमावासमोर निःशस्त्र उभा राहिला, त्याला एका मेलेल्या बाईला आत ठेवायला एवढं जड का गेलं? राजाला तोंडावर टोमणा मारता येत होता की. हे पान वाचल्यावर मी दोन दिवस टॅब उघडला नाही. आमची ही म्हणाली, “साधू असला तरी बाप्याच तो.”

आणि फ्रान्समधल्या फेकाँच्या मठातली हाडाची गोष्ट. येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन, तिचा म्हणून जपलेला हात होता. ह्यूने त्यावरचं कापड कापलं, तुकडा निघेना म्हणून आधी पुढच्या दातांनी, मग दाढेने हाड चावून दोन कण काढले. तिथले साधू ओरडले, कुत्र्यासारखा चावतोय! मी हे वाचताना जेवत होतो. वाचणाऱ्यांनी तसं करू नये.

आता हंस. ह्यू बिशपच्या गादीवर बसला त्याच दिवसांत स्टो इथल्या त्याच्या वाड्याच्या तळ्यावर एक भलामोठा रानहंस उतरला आणि आधीचे हंस त्याने मारून किंवा हाकलून लावले. कोणाला जवळ येऊ देईना. ह्यूच्या हातून मात्र खायचा, त्याच्या रुंद बाहीत मान घालून बसायचा, तो झोपला की राखण करायचा आणि कोणी जवळ आलं तर अंगावर धावून जायचा. आपला हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, तो हंस माणसं वेगळी करायचा. ह्यूच्या चित्रांत हंस असतोच, त्याची खूणच ती. तेव्हा तिथे बदक काढणं म्हणजे विठोबाच्या पायाखाली विटेऐवजी पाट काढण्यासारखं आहे.

शेवटी एका तुकड्याची हकिगत. पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीच्या दोन टोकांना दोन बुरुज आहेत, त्यांच्यावर दोन पुतळे. एकावर ह्यू, दुसऱ्यावर शिंग फुंकणारा डुक्कर राखणारा. आख्यायिका अशी की स्टोच्या त्या गुराख्याने जन्मभर साठवलेली चांदीची नाणी बांधकामाला दिली. म्हणून बिशपच्या उंचीवर तो. आमच्या खोक्यात नेमका तोच तुकडा नव्हता, क्रमांक ३०७. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी अदबीने बोलली, फोटो पाठवा म्हणाली. पाठवला. एकोणीस दिवसांनी पाकीट आलं, आत दुसरा ह्यू. परत फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, सर, दोन्ही सारखेच दिसतात, चालून जाईल.

ह्यू लंडनमध्ये १६ नोव्हेंबर १२०० ला गेला. त्याला लिंकनला आणलं तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तोच नाणी न सुटणारा जॉन राजा होता, स्कॉटलंडचा राजा विल्यम रडत होता आणि शहरातले ज्यूही रडत होते. बांधकाम तेव्हा अर्धवटच होतं. १२२० मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. अशा माणसाला दोन्ही बुरुजांवर बसवलेलं त्यालाच आवडलं नसतं, म्हणून मी जादा ह्यू खोक्यात परत टाकला. नातवाने आगकाडी, पुठ्ठा आणि तुरीच्या शेंगेचं टरफल घेऊन शिंगवाला गुराखी केला. तो किंचित वाकडा बसलाय. राहू दे म्हटलं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा बदकाचा कापला, एक छताचा. घ्यायचं असेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर मागवा, आपल्याकडच्या उन्हात फोम वाकतो. आणि आधी पाट्या मोजा, ३०७ क्रमांक आहे का बघा, मगच प्लास्टिक फाडा.